भूमिस्पर्शाची कला : घरीं बांधलेलें तीनचाकी विमान कसें उतरवावें?

विमानासंबंधीं घरांत बोलणें निघालें म्हणजे बहुतेकांचें कौतुक एकाच प्रश्नाभोंवतीं फिरत राहतें : एवढें जड धूड हवेंत चढतें तरी कसें? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनीं स्वतः विमान चालविलें आहे त्यांस विचारावें. ते सांगतील कीं, चढण्यांत फारसें विशेष नाहीं. एंजिनांत जोर असला आणि धांवपट्टी पुरेशी लांब असली म्हणजे विमान आपण होऊनच वर जाऊं पाहतें. खरी परीक्षा आहे ती खालीं येण्यांत, व त्यांतहि शेवटच्या वीस फुटांत. झाडावर चढलेल्या मुलाची आई तो वर चढत असतां जितकी घाबरत नाहीं तितकी तो उतरूं लागल्यावर घाबरते, याचें कारण हेंच आहे.

हा वीस फुटांचा प्रवास किती अल्प असतो हें आंकड्यांनींच सांगणें बरें. लहानसें दोन माणसांचें विमान उतरण्याच्या बेतानें तासाला ६५ मैल वेगानें येत आहे असें समजूं. म्हणजे तें सेकंदाला सुमारें ९५ फूट पुढें सरकतें. त्याच वेळीं तें मिनिटाला ५०० फूट या बेतानें खालीं येत असतें. या हिशेबानें २० फुटांवरून जमीन गांठावयास त्याला अडीच सेकंदहि लागत नाहींत. तेवढ्या अवधींत वैमानिकानें घसरणारें विमान जमिनीला समांतर आणावयाचें, त्याचा वेग जिरवावयाचा, आणि चाकें अशीं टेकवावयाचीं कीं, आंत बसलेल्या माणसाच्या मांडीवरचें पुस्तक हलूं नये. या क्रियेला विमानविद्येंत फ्लेअर असें म्हणतात. हिचाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आणि तोहि अशा विमानापुरता, कीं जें बांधणाऱ्यानें स्वतःच्या हातानें घरीं बांधलें आहे व ज्याच्या नाकाखालीं तिसरें चाक आहे.

घरीं बांधलेलीं विमानें

विमान घरीं बांधतात हें वाचून कांहीं वाचकांस नवल वाटेल. पण अमेरिकेंत हा छंद आतां चांगला जुना झाला आहे. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी या गृहस्थांनीं मिलवॉकी शहरीं अशा हौशी लोकांची एक संस्था काढली. एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन हें तिचें नांव. तिचा मेळावा दर उन्हाळ्यांत ऑशकॉश या गांवीं भरतो, व तेथें हजारों विमानें आकाशांतून येऊन उतरतात. विमानाच्या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसानें शिक्षणासाठीं अथवा करमणुकीसाठीं स्वतः केलेला असला पाहिजे, अशी तेथील सरकारची अट आहे. ती पाळली म्हणजे कारखान्यांत बनलेल्या विमानांस लागणारे कित्येक कडक नियम अशा विमानास लागत नाहींत.

ऑरेगन प्रांतांतील रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचें आर. व्ही. ३ हें एकाच माणसाचें विमान १९७१ सालीं प्रथम उडालें. पुढें त्यांच्या कंपनीनें दोन व चार माणसांच्या विमानांचे सुटे भाग विकावयास आरंभ केला. या जातीचीं अकरा हजारांहून अधिक विमानें लोकांनीं आपापल्या घरीं बांधून आजवर उडविलीं आहेत. ज्यांच्या नांवापुढें 'ए' हें अक्षर असतें, तीं नाकाखालीं चाक असलेलीं. उदाहरणार्थ, आर. व्ही. ६ चें तिसरें चाक शेपटाखालीं, तर आर. व्ही. ६ ए चें नाकाखालीं.

आपल्याकडेहि हें वेड अगदींच अपरिचित नाहीं. मुंबईस कांदिवली येथील राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं बांधलेलें विमान २०१६ सालच्या मुंबईंतील प्रदर्शनांत लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें, व पुढल्याच वर्षीं सरकारी दफ्तरीं त्याची नोंदणी झाली. तेव्हां हा विषय केवळ साहेबलोकांच्या हौसेचा असें म्हणून बाजूस सारण्याजोगा उरलेला नाहीं.

पुढचें चाक आलें कोठून?

तीन चाकांची मांडणी दोन प्रकारांनीं होते. दोन मुख्य चाकें पंखांखालीं, आणि तिसरें लहानसें चाक एक तर शेपटाखालीं किंवा नाकाखालीं. अमेरिकन वैमानिक कर्टिस यांच्या १९०८ सालच्या विमानास पुढेंच चाक होतें. पण पुढें कित्येक वर्षें शेपटाखालच्या मांडणीचेंच राज्य चाललें. १९३२ च्या ऑक्टोबरांत जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन जें पस मॉथ विमान जुहूस उतरविलें, तेंहि याच मांडणीचें होतें.

या जुन्या मांडणींत एक खोड होती. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागें पडे. हातगाडी पुढून ओढली तर ती मुकाट्यानें मागोमाग येते; तीच मागून ढकलूं लागलें कीं किंचित् तिरकी होतांच अधिकाधिक तिरकी होत जाते. शेपटाखालीं चाक असलेल्या विमानाचें असेंच होई. जमिनीवर धांवतांना तें थोडें वांकडें झालें कीं मागचें वजन पुढें येऊं पाही, आणि वैमानिक गाफील असल्यास विमान भोंवऱ्यासारखें गरकन् फिरे. शिवाय तें जोरानें टेकलें म्हणजे शेपूट खालीं बसे, पंखांचा हवेशीं असलेला कोन वाढे, आणि नको त्या वेळीं विमान पुन्हां वर उसळे.

नाकाखालीं चाक ठेवलें म्हणजे गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढें येतो, व वरील दोन्हीं दोष उलटून गुण बनतात. विमान तिरकें टेकलें तरी आपोआप सरळ होऊं पाहतें. टेकतांच नाक खालीं येतें, पंखांचा कोन घटतो, आणि विमान जमिनीस धरून राहतें. ही गोष्ट पद्धतशीरपणें ज्यांनीं सिद्ध केली ते फ्रेड वाइक हे अमेरिकन सरकारच्या विमानसंशोधन संस्थेंत एंजिनिअर होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फावल्या वेळांत, म्हणजे एका अर्थीं घरींच, डब्ल्यू १ या नांवाचें विमान बांधलें, आणि १९३४ सालीं तें उडविलें. त्याच विचारांतून पुढें १९३७ सालीं एरकूप हें प्रसिद्ध विमान निर्माण झालें. आडव्या वाऱ्यांत तें तिरकेंच जमिनीवर टेकवीत, आणि तें स्वतःच सरळ होई. १९५५ सालीं सेसना कंपनीचें १७२ हें विमान प्रथम उडालें, आणि थोड्याच वर्षांत लहान विमानांच्या जगांत पुढचें चाक हाच रिवाज झाला. या कंपनीनें आपल्या मांडणीस लँड-ओ-मॅटिक असें नांव दिलें होतें; जणूं कांहीं विमान आपलें आपणच उतरणार!

नांवाचा मोह येथेंच घात करतो. लहान मुलाचा तीन चाकांचा पांगुळगाडा त्याला पडूं देत नाहीं हें खरें. परंतु तोच गाडा उंबऱ्यावर आपटला तर मूल तोंडघशीं पडतें. पुढच्या चाकानें वैमानिकाच्या कित्येक चुका पोटांत घातल्या, त्यामुळें उतरण्याची विद्या शिथिल होऊं लागली. आणि त्या शिथिलपणाचा सगळा भार अखेर त्या एका बारीक पायावर पडूं लागला.

पाखरापासून घ्यावयाचा धडा

अंगणांतील कुंपणावर कावळा येऊन बसतो तेव्हां नीट पाहावें. तो सरळ येऊन आदळत नाहीं. जवळ येतांच तो छाती वर करतो, पंख पसरून हवेला अडवितो, त्याचा वेग मरतो, आणि मग पाय अलगद टेकतात. विमानाचा फ्लेअर म्हणजे हेंच.

यांतलें शास्त्र थोडक्यांत असें आहे. पंख हवेला ज्या कोनानें भिडतो तो कोन वाढविला कीं पंखाची उचलण्याची शक्ति वाढते. वेग कमी होत असतां उचल कायम ठेवावयाची तर कोन वाढवीत न्यावा लागतो. पण या वाढीला मर्यादा आहे. साधारणतः पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेलें कीं पंखावरून वाहणारी हवा पंखास सोडून देते, उचल एकाएकीं ढासळते, आणि विमान खालीं पडूं लागतें. या अवस्थेस स्टॉल म्हणतात. उंचावर ही गोष्ट नको असते. परंतु चाकें जमिनीपासून केवळ वीतभर असतांना ती जवळ आली, तर तिच्यासारखी सोय नाहीं. कारण त्या वेळीं विमानाचा वेग शक्य तेवढा कमी झालेला असतो व उडण्याचें त्राण संपलेलें असतें.

म्हणून जाणते शिक्षक शिष्यांस वरकरणीं उलटें वाटणारें वाक्य सांगत असतात : विमान उतरवूं नका, त्याला उतरूं देऊं नका! साधारण १० ते २० फुटांवर आल्यावर दांडा हलकेच मागें घेऊन घसरण थांबवावी, विमान जमिनीला समांतर आणावें, एंजिनाचा जोर हळूहळू शून्यावर न्यावा. आतां चाकें फूट-दोन फुटांवर आहेत. वेग कमी होत जाईल तसतसें विमान खालीं बसूं पाहील. तें बसूं पाहतांच दांडा आणखी किंचित् मागें. पुन्हां बसूं लागलें, पुन्हां किंचित् मागें. असें करतां करतां एक क्षण येतो कीं, दांडा मागें येऊन पोंचलेला असतो, नाक वर असतें, आणि विमान मुख्य चाकांवर आपोआप टेकतें. भरलेली घागर डोक्यावरून उतरवून जमिनीवर ठेवणाऱ्या बाईचे हात जसे शेवटपर्यंत घागरीस पेलून धरतात, आणि घागर टेकली हें तिच्या बुडालाच कळावें इतक्या हळू टेकवितात, तसें हें आहे. घागर हातांतून सुटली तर ती टेकत नाहीं, आपटते.

वेगाचा हिशेब

फ्लेअर साधणें न साधणें हें बव्हंशीं त्याच्या आधीं मिनिटभर ठरून गेलेलें असतें. विमान ज्या वेगाला स्टॉल होतें त्याच्या १.३ पट वेगानें उतरावयास यावें, असा सर्वमान्य नियम आहे. स्टॉलचा वेग ताशीं ५० मैल असल्यास उतरण्याचा वेग ६५ मैल. नवशिका वैमानिक मनांत म्हणतो, 'दहा मैल जास्त असलेले बरे; तेवढीच सुरक्षितता अधिक.' परंतु गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ६५ च्या जागीं ७५ मैल वेग ठेवला तर ऊर्जा सुमारें एक-तृतीयांशानें वाढली. ती कोठें तरी जिरवावी लागणारच.

जमिनीजवळ तर ती जिरतां जिरत नाहीं. विमान जमिनीलगत आलें म्हणजे पंखांखालच्या व टोंकांवरच्या हवेच्या हालचालीस जमिनीचा अडथळा होतो, व उचल उत्पन्न करण्यासाठीं जी ओढ सोसावी लागते ती घटते. पंखांच्या एकूण विस्ताराइतक्या उंचीवर ही घट दीड टक्काहि नसते. विस्ताराच्या चौथाई उंचीवर ती सुमारें २४ टक्के होते. आणि एक-दशांश उंचीवर जवळजवळ ४८ टक्के. ज्या विमानाचा विस्तार २३ फूट त्याला ही एक-दशांश उंची म्हणजे सव्वादोन फूट. पंख खालीं जोडलेल्या लहान विमानांत नेमकी तेवढ्याच उंचीवर फ्लेअरची अखेर चालू असते. म्हणून ज्याचें अंग गुळगुळीत, ज्याला ओढ थोडी, असें घरगुती विमान जास्त वेगानें आलें तर तें धांवपट्टीवरून तरंगत तरंगत जात राहतें, आणि पट्टीचें दुसरें टोंक झपाट्यानें जवळ येऊं लागतें.

येथेंच मोह उत्पन्न होतो. वैमानिक धीर सोडून विमान बळेंच खालीं दाबतो. दाबलें कीं नाक खालीं जातें, आणि ज्या पायावर सर्वांत शेवटीं व सर्वांत थोडा भार यावयाचा, तोच पाय सर्वांआधीं जमिनीस लागतो. विमान मग एका चाकाची ढकलगाडी बनतें : भार पुढें, मागचीं चाकें हलकीं, ब्रेकला पकड नाहीं, दिशेवर ताबा नाहीं.

वजनाचाहि हिशेब याच सदरांत येतो. विमान २० टक्क्यांनीं हलकें झालें तर स्टॉलचा वेग सुमारें साडेदहा टक्क्यांनीं उतरतो. दोघे बसून व टांकी भरून जो वेग योग्य ठरला, तोच वेग एकटा माणूस थोड्या पेट्रोलवर परत येतांना ठेवील, तर तें विमान तरंगणारच. मोटारींत एक माणूस कमी झाल्यानें चालविणाऱ्यास फारसा फरक पडत नाहीं. लहान विमानांत फार पडतो.

दृष्टि कोठें ठेवावी?

सायकल शिकणारा मुलगा पुढच्या चाकाकडे पाहतो म्हणून पडतो. विमानांतहि नजर अगदीं जवळच्या जमिनीवर खिळविली तर ती जमीन पुसट रेषांसारखी मागें पळते, उंचीचा अंदाज येत नाहीं, आणि हात एक तर उशिरां चालतो किंवा एकदम चालतो. फार लांब, क्षितिजापलीकडे पाहिलें तरी उंची कळत नाहीं.

उतरत येतांना पट्टीचा जो बिंदु समोरच्या कांचेंत वर सरकत नाहीं वा खालीं सरकत नाहीं, तिकडेच विमान चाललें आहे असें समजावें. फ्लेअर सुरू होतांच नजर तेथून उचलून पट्टीच्या दूरच्या टोंकाकडे न्यावी, व पट्टीच्या दोन्हीं कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांनीं टिपाव्या. त्या कडा अकस्मात् रुंदावूं लागल्या कीं जमीन जवळ आली. ही जाणीव शब्दांनीं देतां येत नाहीं; ती शेंकडों वेळां पाहूनच अंगीं मुरते. एक चांगला सराव असा कीं, शिक्षक शेजारीं असतां लांब पट्टीवर थोडासा जोर ठेवून विमान फूट-दोन फुटांवरून टोंकापर्यंत नुसतें नेत राहावें, टेकवूंच नये, आणि मग वर चढून जावें. उंचीचें चित्र डोळ्यांत ठसावयास याहून सोपा उपाय नाहीं.

बारीक पायाची कहाणी

पुढच्या चाकाचा पाय जपला पाहिजे म्हणजे काय, हें आर. व्ही. विमानांच्या इतिहासावरून ध्यानांत येईल. या विमानांचा पुढचा पाय म्हणजे एंजिनाच्या चौकटीपासून खालीं आलेली पोलादाची एक सडपातळ लवचीक दांडी, आणि तिच्या टोंकाला चिमट्यांत बसविलेलें, हवें तिकडे मोकळें फिरणारें लहान चाक. वजन थोडें, रचना साधी, हवेचा अडथळा कमी. परंतु खडबडीत अथवा मऊ जमिनीवर जोराचा भार येऊन दांडी लवली, कीं चिमट्याचा खालचा भाग जमिनीस लागे, रुते, पाय मागें दुमडे, आणि विमान नाकावरून कोलांटी घेऊन पाठीवर पडे. अशा अपघातांची अमेरिकन सरकारच्या अपघातचौकशी मंडळानें छाननी केली, व पुढें २००७ सालीं कंपनीनें जमिनीपासून अधिक उंच राहील असा नवा चिमटा काढला.

पाठीवर पडलेल्या विमानांत बसलेल्या माणसाचें संकट निराळें सांगावयास नको. डोक्यावरचें कांचेचें झांकण जमिनीखालीं दाबलें जातें, दार उघडत नाहीं, आणि वर पेट्रोलची टांकी असते. विमान ताशीं पंचवीस-तीस मैलांवर आलेलें असतां, म्हणजे प्रवास संपलाच असें सर्वांस वाटत असतां, हा प्रसंग येऊं शकतो. म्हणून कित्येक वैमानिक झांकण फोडण्याचें हत्यार हाताशीं बांधून ठेवतात.

पण हत्यारापेक्षां संवय श्रेष्ठ. मुख्य चाकें टेकलीं म्हणजे उतरणें संपलें असें समजूं नये. दांडा मागें धरूनच ठेवावा. वेग उतरेल तसा तो आणखी मागें यावा. शेपटाच्या आडव्या फळीवर हवेचा दाब आहे तोंवर नाक वर राहील. तो दाब अगदीं संपण्यापूर्वीं नाक हलकेच खालीं येऊं द्यावें, धप्पकन् पडूं देऊं नये. ब्रेक जोरानें दाबले कीं सगळा भार पुढें लोटतो. तेव्हां ते हलके, व शक्य तों उशिरां. गवताच्या पट्टीवर तर विमान थांबेपर्यंत, आणि पुढें जागेवर नेत असतांहि, दांडा पोटाशींच असावा. वेग आधींच बेताचा ठेवणाऱ्यास जोराच्या ब्रेकची गरजच पडत नाहीं. असा हा एकाला एक जोडलेला साखळीचा दुवा आहे.

विमान उसळलें तर

कितीहि काळजी घेतली तरी कधीं हात एकदम ओढला जातो आणि विमान टेकण्याऐवजीं वर चढतें. कधीं चाकें आपटून तें चेंडूसारखें उसळतें. अशा वेळीं मनुष्यस्वभाव म्हणतो, 'वर गेलें, खालीं दाबा.' हाच तो घातक क्षण. दाबल्याबरोबर विमान पुढच्या चाकावर आदळतें, तें चाक नाक वर फेंकतें, वैमानिक पुन्हां दाबतो, आणि प्रत्येक टप्पा पहिल्याहून मोठा होत जातो. माणसाचा हात विमानाच्या हालचालीच्या नेहमीं अर्धा क्षण मागें असतो, त्यामुळें तो तिला आंवरण्याऐवजीं खतपाणी घालतो. दोन-तीन टप्प्यांत पुढचा पाय मोडतो अथवा पंखा जमिनीस घांसतो.

यावर उपाय दोनच. उसळी अगदीं अल्प असेल तर दांडा न दाबतां नाक आहे तसेंच वर धरून, लागल्यास एंजिनाचा थोडासा जोर देऊन, विमान पुन्हां बसूं द्यावें. उसळी त्याहून मोठी असेल, किंवा मनांत किंचितहि शंका असेल, तर पूर्ण जोर देऊन वर निघून जावें व फेरी घालून पुन्हां यावें. मात्र एक सावधगिरी आहे. उतरतांना नाक वर राहावें म्हणून जी योजना केलेली असते, तिच्यामुळें पूर्ण जोर देतांच नाक जोरानें वर उठूं पाहतें. तें हातानें आंवरून धरावें लागतें. फ्लॅपहि एकदम न मिटतां वेग वाढेल तसे क्रमाक्रमानें मिटावे.

परत वर जाण्यांत कमीपणा वाटणें ही तरुणांची दुर्बलता आहे. पाहुण्यांसमोर, मित्रांसमोर, फाटकाशीं उभ्या असलेल्या आईबापांसमोर 'साधलें नाहीं' असें दिसूं नये म्हणून कित्येक जण न साधलेलें उतरणें रेटून नेतात. पण दहा मिनिटें उशीर होणें आणि दहा वर्षांच्या कष्टांचें विमान मोडणें यांत निवड करण्यास फार बुद्धि लागत नाहीं.

आडवा वारा

वारा नेहमींच समोरून येईल असें नाहीं. बाजूनें येणारा वारा विमानास पट्टीवरून वाहून नेऊं पाहतो. त्यावर सामान्य उपाय असा कीं, वाऱ्याकडचा पंख थोडा खालीं करावा, आणि उलट बाजूच्या पायानें सुकाणूं दाबून नाक पट्टीच्या रेषेंत ठेवावें. मग वाऱ्याकडचें मुख्य चाक प्रथम टेकतें, नंतर दुसरें, आणि सर्वांच्या शेवटीं नाकाचें. कित्येक विमानांत नाकाचें चाक सुकाणूंच्या पायपट्टीला जोडलेलें असतें. तें तिरकें वळलेलें असतांना जमिनीस लागलें तर विमानास हिसका बसतो. म्हणून नाक खालीं येण्याच्या क्षणीं पाय सरळ हवेत. जेथें चाक मोकळें फिरतें तेथें ही अडचण नाहीं. तेथें वेग उतरल्यावर दिशा ब्रेकनें सांभाळावी लागते. दोन्हीं प्रकारांत वाऱ्याकडच्या पंखाची काळजी विमान पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाहीं.

घरच्या विमानाची विशेष अडचण

कारखान्याच्या विमानाबरोबर छापील पुस्तक येतें, व त्यांतील वेग त्या जातीच्या सर्व विमानांस लागू पडतात. घरीं बांधलेल्या विमानाचें तसें नाहीं. एकाच आराखड्यावरून दोघांनीं बांधलेलीं दोन विमानें सख्ख्या भावांसारखीं असतात : चेहरा एक, स्वभाव दोन. एकाचें एंजिन जड, दुसऱ्याचें हलकें. एकाच्या वेगमापकाची नळी नीट बसलेली, दुसऱ्याची किंचित् तिरकी. मापक ६५ दाखवितो तेव्हां खरा वेग ६० असूं शकेल, वा ७० हि.

म्हणून अशा विमानाचे आंकडे त्याच विमानाला विचारून घ्यावे लागतात. पुरेशा उंचीवर जाऊन, फ्लॅप मिटून व उघडून, हलक्या व भरल्या वजनानें स्टॉल करून पाहावा, मापक त्या वेळीं काय दाखवितो तें टिपून ठेवावें, आणि त्याच आंकड्याच्या आधारें आपला उतरण्याचा वेग ठरवावा. विमान तराजूवर घालून त्याचा गुरुत्वमध्य काढलेला असावा. गुरुत्वमध्य फारच पुढें असेल तर शेवटच्या क्षणीं नाक वर धरावयास शेपटाची शक्ति पुरणार नाहीं, मग हात कितीहि कसलेला असो. नव्या घरगुती विमानानें पहिले २५ अथवा ४० तास नेमून दिलेल्या क्षेत्रांतच उडून परीक्षा द्यावी, असा अमेरिकेंत सामान्यतः दंडक आहे. या काळांत करमणुकीसाठीं कोणासहि शेजारीं बसवितां येत नाहीं. दंडक कठोर वाटतो. पण बांधणारा माणूस वर्षानुवर्षें रिव्हेट ठोकीत बसलेला असतो, त्याचा उडण्याचा हात त्या अवधींत गंजून गेलेला असतो, आणि विमानहि नवें असतें. दोन अनोळखी जिवांची गांठ पडावयाची, ती हळूहळूच पडावी. पहिल्या उड्डाणापूर्वीं त्याच जातीच्या दुसऱ्या विमानांत जाणत्या शिक्षकाजवळ बसून उतरण्याचा सराव करणें, यापरतें शहाणपण नाहीं.

शेवटीं घरच्या वडील माणसांस दोन शब्द. आज ना उद्यां एखाद्या घरांतला मुलगा किंवा मुलगी असलें वेड घेऊन पुढें येईल. त्यांस एकदम 'नको' म्हणण्यापेक्षां, व न समजतां शाबासकी देण्यापेक्षांहि, चार नेमके प्रश्न विचारावे : तुझ्या विमानाचा स्टॉलचा वेग स्वतः मोजलास काय? एकटा असतांना तो किती, दोघे असतांना किती? दांडा कोठपर्यंत मागें धरतोस? आणि गेल्या महिन्यांत किती वेळां न उतरतां परत वर गेलास? पहिल्या तिहींचीं उत्तरें ज्याला आंकड्यांनिशीं देतां येतात, आणि चौथ्याचें उत्तर द्यावयास जो लाजत नाहीं, त्याला खुशाल उडूं द्यावें. तो खालींहि नीट येईल.